बंबाला मीटर बसू देऊ नका

नाशिक शहरात १०१ फिरवताना आपला हात खिशाकडे जात नाही. जुन्या नाशकात वाड्याची भिंत कोसळो, सातपूरला भडका उडो, गंगापूर धरणातून पाणी सुटल्यावर गोदाकाठी कुणी अडकून पडो. वर्दी गेली की शिंगाडा तलावावरून, पंचवटीतून, सिडकोतून, नाशिकरोडहून बंब सुटतो. याचे किती होतील, हा प्रश्न त्या घटकेला कुणाच्या मनातही येत नाही.

ही निश्चिंती आपण गृहीत धरून बसलोय. ती टिकवावी लागणार आहे.

कारण महापालिकांची तिजोरी आटायला लागली की एक सूर हमखास निघतो: ज्याच्या घरी बंब गेला, त्यानंच खर्च भरावा. ऐकायला सरळ वाटतं. पाणी वापरतो तो पाणीपट्टी भरतो, गाडी लावतो तो पार्किंगचे पैसे देतो, मग बंबाचं भाडं का नको? भल्या माणसांनाही हे पटतं, म्हणूनच त्याची काळजी वाटते.

एक गोष्ट आधीच मान्य करू. महाराष्ट्रातल्या अनेक महापालिका काही कामांचे पैसे आजही घेतात. तळघरात साचलेलं पाणी उपसून द्यायचं, खासगी कार्यक्रमाला बंब उभा ठेवायचा, तर आकार पडतो. त्याला आपली हरकत नसावी. सुरक्षेचे नियम धाब्यावर बसवून आग ओढवून घेणाऱ्या आस्थापनेला जबर दंड करा, त्यालाही नाही. हरकत आहे ती घाबरलेल्या माणसाच्या हाकेवर दर लावायला.

असा दर लावला की काय होतं, हे जगानं पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ओबायन नावाचा परगणा आहे. तिथल्या ग्रामीण भागातल्या घरांनी शेजारच्या साउथ फुल्टन शहराच्या अग्निशमन दलाला वर्षाला ७५ डॉलर भरायचे, तरच सेवा, असा नियम होता. २०१० च्या सप्टेंबरमध्ये एका घराला आग लागली. त्या घराचे पैसे भरलेले नव्हते. दलाचे जवान आले, पण ते शेजाऱ्याच्या शेताकडे आग सरकली म्हणून. शेजाऱ्यानं पैसे भरले होते. त्याचं शेत वाचवलं आणि समोरचं घर जळू दिलं. मालक तिथल्या तिथे हवे तेवढे पैसे द्यायला तयार होता, तरी पाण्याचा फवारा त्या घराकडे वळला नाही. माणसं वाईट नव्हती. नियमच तसा होता.

आता तोच नियम आपल्या गल्लीत आणून बघा.

तिवंधा, भद्रकाली, रविवार कारंजा या भागातले वाडे लाकडी आणि एकमेकांना चिकटून उभे. भिंत सामाईक, छपराला छप्पर टेकलेलं. कितीतरी वाड्यांत मालक आणि भाडेकरूंचे दावे वर्षानुवर्षं कोर्टात. मालक पुण्याला, वर एक बिऱ्हाड, खाली दुकान, मागे गोदाम. अशा वाड्यात रात्री वायर जळाल्याचा वास आला, तर फोन कुणी करायचा? जो करेल त्याच्या नावानं बिल फाटणार असेल, तर प्रत्येकजण दुसऱ्याच्या फोनची वाट बघेल. तेवढ्यात आग तिसऱ्या वाड्यात गेलेली असेल.

२०२० च्या एप्रिलमध्ये, ऐन टाळेबंदीत, भद्रकालीजवळच्या भीमवाडी झोपडपट्टीत आग लागली, सिलिंडर फुटत गेले, संसार जळाले. त्या माणसांच्या हातात दुसऱ्या दिवशी महापालिकेनं बिल द्यायचं? २०२२ च्या ८ ऑक्टोबरला पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेल चौकात खासगी बस पेटली. यवतमाळकडून मुंबईला निघालेले बारा प्रवासी गेले. त्या वर्दीचा ग्राहक कोण होता? आणि २०२७ च्या सिंहस्थात लाखोंनी भाविक रामकुंडाकडे येतील. त्यांच्यातले बहुतेक आपल्याकडे घरपट्टी भरत नाहीत. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी या शहराला आठवते. गर्दीत कुणी हाक मारली तर त्याला पावती मागणारं गाव आपलं नाही.

संकटात माणूस हिशेब करत नाही असं म्हणतात. गरीब माणूस करतो, त्याला करावाच लागतो. पैसे लागणार म्हटलं की तो आधी बादल्या मारून बघतो, छातीत कळ आली तर सोडा पिऊन बघतो. ही दहा-पंधरा मिनिटं कुठल्याही नोंदवहीत दिसत नाहीत. जीव मात्र त्यातच जातो.

म्हणून १०८ ची रुग्णवाहिका मोफत असणं हे मोठं काम झालं. राज्यात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी, सोबत डॉक्टर. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे हाल अजून पुरते संपलेले नाहीत. त्या रस्त्यावर पोहोचल्यावर निदान जीपवाल्याशी घासाघीस करावी लागू नये, एवढं तरी या गाडीनं साधलं.

जपानमधल्या मात्सुसाका शहरात २०२४ च्या जूनपासून, रुग्णवाहिकेनं आलेल्या पण दाखल करावं न लागलेल्या रुग्णाकडून मोठी रुग्णालयं ७,७०० येन घेतात. तिकडे किरकोळ कारणांसाठी गाडी बोलावण्याचं प्रमाण फार वाढलं होतं. आपला आजार उलटा आहे. आपल्याकडे माणूस बोलावतच नाही, किंवा फार उशिरा बोलावतो.

मग खर्च कुणी करायचा? आपणच, पण आधी आणि सगळ्यांनी मिळून. खरं तर आपण तो करतोही आहोत. १९४९ च्या महापालिका कायद्यातच मालमत्ता कराच्या सामान्य करात अग्निशमन दलासाठी वेगळा वाटा धरायची सोय आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानं नव्या बांधकामांवर अग्निसेवा शुल्कही बसवलं. केंद्रानं २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचं काम म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे बंब घरी आल्यावर पुन्हा बिल मागणं ही त्याच सेवेची दुसऱ्यांदा वसुली ठरेल.

पण मंडळी, हे ठासून म्हणायचं तर आपली बाजूही धुतल्या तांदळासारखी हवी. घरपट्टीची थकबाकी आपल्यातल्यांचीच आहे. एप्रिलमध्ये सवलत असताना घरपट्टी भरून टाकणं, हे सेवा मोफत राहावी म्हणून करण्याजोगं सगळ्यात सोपं काम. शेजाऱ्यालाही आठवण करा.

दुसरं काम गल्लीतलं. बंब वेळेवर निघतो आणि तुमच्या-माझ्या दुचाकींपाशी अडतो. दहीपुलाच्या आसपास संध्याकाळी चालून बघा, माणसाला वाट मिळत नाही. प्रत्येक गल्लीनं एक बाजू मोकळी ठेवायचं ठरवलं, तर त्याला ना ठराव लागतो ना निधी. सोसायट्यांनी कंपाउंडच्या गेटवरची कमान बंबाच्या उंचीची आहे का, ते एकदा मोजावं. हौसेनं बांधलेल्या कमानी फार आहेत शहरात.

तिसरं, सोसायटीच्या बैठकीत विचारा: आपलं ‘बी’ प्रमाणपत्र कुठे आहे? आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं हे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यायचं असतं. ज्या इमारतींना ते लागू आहे, त्यांतल्या कितीतरी सदस्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. जिन्यातल्या होजरीलमधून पाणी येतं का, हे बघायला इंजिनिअर लागत नाही.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात शाळेतल्या मुलांना घेऊन जवळच्या केंद्रावर जाऊ. खोट्या वर्दीनं खरा बंब कसा अडकून पडतो, हे जवानांच्या तोंडून ऐकलेलं मूल गंमत म्हणून १०१ फिरवणार नाही. तरुणांनी नागरी संरक्षण दलात नाव घालावं. सिंहस्थाला अशी माणसं लागणारच आहेत.

आणि मुख्य काम पालिकेच्या दारातलं. मार्च २०२२ नंतर कितीतरी काळ या शहरात नगरसेवकच नव्हते, त्यामुळे विचारायची सवयच मोडली. ती पुन्हा लावू. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास आकार घ्यायला लागतं. त्याआधी प्रत्येक प्रभागातून, प्रत्येक सोसायटीच्या लेटरहेडवर, गणेश मंडळांच्या, भजनी मंडळांच्या सह्यांनिशी एकेक पत्र आयुक्तांकडे आणि नगरसेवकांकडे जाऊ दे. त्यात तीनच गोष्टी विचारायच्या. अग्निशमनाच्या नावानं यंदा किती जमा झाले? त्यातले दलावर किती खर्च झाले? फायरमनच्या मंजूर जागांपैकी भरलेल्या किती? शेवटी एक ओळ ठळक लिहायची: घरगुती आणीबाणीच्या वर्दीला शुल्क लावणार नाही, असा ठराव करा. पत्र द्याल तेव्हा आवक क्रमांक टाकून पोच घ्यायला विसरू नका.