लोणारचा वास

लाटांनी काठावर फेकलेल्या समुद्री शेवाळात माश्यांचं अख्खं जग असतं म्हणे. आता बीबीला समुद्र कुठून आणायचा? पण तालुक्याचं गाव लोणार, आणि तिथलं सरोवर खारट, अल्कधर्मी. उन्हाळ्यात पाणी आटतं, काठावर शेवाळ कुजतं आणि वास सुटतो. पर्यटक नाक दाबून म्हणतात, "हे साफ का नाही करत?"

माझं मत उलट आहे. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक या अशाच सरोवरात माशीच्या अळ्या शेवाळ खातात आणि त्या माश्यांवर हजारो पक्षी पोसतात. लोणारचा शेकाट्याही काठावर किडेच टिपत असतो. शेवाळ उपसणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. २०२० साली लोणारला रामसर दर्जा मिळाला, तो पाणथळ जागा म्हणून. प्लास्टिक जरूर उचला, शेवाळ राहू द्या. बघा पटतंय का.