गोलरक्षकाला फेऱ्या नकोत, हौद द्या

आधी मैदानाला दहा फेऱ्या, मग सराव, हा शालेय फुटबॉलचा शिरस्ता. गोलरक्षकही त्याच रांगेत पळतो. दम वाढला की सगळे साधते, असे सांगतात; आणि त्याच तोंडाने, गोलीला उभेच राहायचे असते म्हणून पळण्यात मागे पडणारा पोरगा तिथे लावतात. उभेच राहायचे तर दम कशाला?

हिशेब पाहा. मोठ्या सामन्यात मैदानी खेळाडू साधारण 10-11 किलोमीटर धावतो. गोलरक्षक त्याच्या निम्मे, तेही बरेचसे चालत. त्याची परीक्षा क्षणात होते. पेनल्टीचा ठिपका 11 मीटरवर. ताशी 100 किलोमीटर वेगाचा चेंडू 0.4 सेकंदांत रेषेवर येतो, आणि मधोमध उभ्या गोलरक्षकापासून खांब असतो 3.66 मीटर दूर. एवढ्यात झेपावण्याचा जोर संथ फेऱ्यांनी येत नाही, शे-दोनशे बैठकांनीही नाही. पाच-सहा सेकंद जीव तोडून झेपा, मग मिनिटभर पूर्ण विसावा, पुन्हा झेपा. पाय जड झाले की थांबायचे.

मागे पडणाऱ्याला गोलात उभे करणाऱ्यांनी पीटर थंगराज आठवावा. हैदराबादचा हा खेळाडू आधी आघाडीला खेळायचा. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताच्या गोलात तोच होता, आणि सुवर्ण आपण जिंकले.

'झेपा घ्यायला आपल्या देगलूरला कुठली हिरवळ?' हा आक्षेप मात्र खरा आहे. उन्हाळ्यात टणक झालेल्या जमिनीवर रोज अंग टाकले की कोपरे, कंबर सोलून निघते. पोरगा मग झेपावायलाच भितो. पण कुस्तीच्या हौदातली भुसभुशीत माती कशासाठी आहे? वस्तादांना विचारून तिथे पडायला शिकवा: आधी गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून, शेवटी उभ्याने. पोटरी, मांडी, कुल्ला, खांद्याची कड, या क्रमाने अंग मातीला लागावे. कोपर आधी टेकता कामा नये. झेपेआधीचे बाजूचे पाऊल खो-खोच्या मैदानात घटवता येते. दिशा बदलण्याचा तसला सराव आपल्या पोरांना लहानपणापासूनच असतो, तो वाया का घालवायचा?

मुलींच्या गोलरक्षकालाही हौद हवाच. जिथे तालमीत मुलींना घेत नाहीत, तिथे शाळेने मैदानाचा एक कोपरा वीतभर खोल उकरावा, माती चाळून घ्यावी, खडे वेचावेत आणि पहिल्या सरावाआधी ती पुन्हा एकदा खालवर करावी.