डावा आवाज उजव्या कानालाही हवा

समोर दोन स्पीकर ठेवून ऐकावे म्हणून तयार केलेले संगीत आपण हल्ली बहुतेक वेळा हेडफोन लावून ऐकतो. यात काही बिघडते असे कोणाला वाटत नाही. माझ्या मते बिघडते, आणि काय बिघडते हे नववी-दहावीच्या भौतिकीवरून समजण्यासारखे आहे. त्यावरचा उपाय फुकटात मिळतो. त्याला क्रॉसफीड म्हणतात. महागडा हेडफोन घ्यावा म्हणून घरी हट्ट धरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने तो करून पाहावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

प्रथम स्पीकरचा विचार करू. समजा, तुमच्या समोर डावीकडे आणि उजवीकडे, नाकाच्या सरळ रेषेपासून ३० अंशांवर, एकेक स्पीकर आहे. फक्त डावा स्पीकर वाजतो आहे. तो उजव्या कानाला ऐकू येतो का? अर्थातच येतो. फक्त आवाजाला डोक्याला वळसा घालून जावे लागत असल्यामुळे तो थोडा उशिरा पोचतो. डोक्याची त्रिज्या पावणेनऊ सेंटिमीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर हा उशीर सुमारे ०.२६ मिलिसेकंद येतो. आवाज अगदी डाव्या बाजूने आला तरी तो ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपासच असतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो, हे नवलच म्हणायचे!

उशिराबरोबर आणखी एक गोष्ट घडते. ७००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ५ सेंटिमीटर असते. त्याला डोके हा मोठाच अडथळा वाटतो आणि पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते. उलट १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर. तो डोक्याची दखलही घेत नाही, विवर्तनाने सहज वळसा घालून पलीकडे जातो. म्हणजे दूरचा खर्जाचा आवाज दोन्ही कानांना जवळपास सारख्याच जोराने ऐकू येतो. दिशा ओळखताना आपण खालच्या स्वरांसाठी वेळेचा फरक आणि वरच्या स्वरांसाठी जोराचा फरक वापरतो, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले.

आता तेच गाणे हेडफोनवर लावा. डाव्या बाजूचा आवाज फक्त डाव्या कानाला, उजव्या बाजूचा फक्त उजव्या कानाला. मधे डोके नाही, वळसा नाही, उशीर नाही. ध्वनिमुद्रणात तबल्याची जोडी एका बाजूला ठेवलेली असेल, तर डग्ग्याचा घुमारा एकाच कानात घुमतो आणि दुसऱ्या कानात शांतता. निसर्गात असे कधी घडते? माझ्या माहितीत एकच चांगले उदाहरण आहे : कानाशी गुणगुणणारा डास. कोणी अगदी कानाला लागून कुजबुजले तरी तसेच. जवळच्या, अंगाला चिकटलेल्या वस्तूचीच ही खूण आहे. तेव्हा तासभर अशा रीतीने गाणे ऐकल्यावर कित्येकांना कंटाळा येतो, डोके जड वाटते, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांत हा दोष फारच उघडा पडतो. बीटल्स यांची ‘प्लीज प्लीज मी’ ही १९६३ सालची ध्वनिमुद्रिका दोन पट्ट्यांच्या यंत्रावर मुद्रित झाली. तिच्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्ये बहुतांशी डावीकडे आणि गाणारे उजवीकडे आहेत. स्पीकरवर हे खपून जाते, कारण हवेत दोन्ही मिसळतात. हेडफोनवर मात्र मध्ये भिंत घातल्यासारखे वाटते.

मूळ ध्वनिमुद्रणात ढवळाढवळ करू नये, जसे आहे तसेच ऐकावे, असे म्हणणारे बरेच रसिक आहेत. त्यांचा मुद्दा ऐकायला भारदस्त आहे, पण मला तो पटत नाही. इंग्लंडमधील ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओसंबंधीच्या पेटंटासाठी अर्ज केला, त्यातील युक्तीच मुळी अशी की दोन स्पीकरमधून फक्त कमीजास्त जोराचा आवाज सोडायचा. प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात, त्यामुळे खालच्या स्वरांत जोराचा फरक कानाशी पोचताना वेळेच्या फरकात आपोआप बदलतो. म्हणजे डावे-उजवे मिसळणे हा स्टिरिओतला दोष नव्हे, तो त्याचा पाया आहे. हेडफोनने तो पाया आधीच काढून घेतलेला असतो. ढवळाढवळ झाली ती तिथे.

ही गोष्ट जाणकारांच्या लवकरच लक्षात आली होती. अमेरिकेत १९५८ साली कॉस यांचे स्टिरिओ हेडफोन बाजारात आले. लगेच १९६१ साली बेंजामिन बाउअर यांनी एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या बाजूला देणारे मंडल सुचविले. १९७१ साली सीगफ्रीड लिंकविट्झ यांनीही अशाच मंडलाविषयी लिहिले. पण १९७९ साली वॉकमन आला, हेडफोन घरोघर पोचला, आणि हे मंडल मात्र हौशी मंडळींच्या कपाटातच राहिले.

मंडल किती साधे असते पाहा. आपल्याला तीन गोष्टी हव्यात : पलीकडे दिला जाणारा आवाज थोडा उशिरा जावा, त्यातले वरचे स्वर कमी व्हावेत, आणि तो थोडा मंद असावा. पहिल्या दोन गोष्टींना एक रोधक आणि एक धारित्र पुरते! १००० ओहमचा रोधक आणि ०.२२ मायक्रोफॅरडचे धारित्र घ्या. त्यांचा गुणाकार येतो ०.२२ मिलिसेकंद. खालच्या स्वरांना जवळजवळ तेवढाच उशीर होतो आणि सुमारे ७२० हर्ट्झच्या वरचे स्वर उतरू लागतात. डोके जे करते त्याची ही ओबडधोबड नक्कल, पण दोन्ही आकडे एकाच जोडीतून जवळपास बरोबर यावेत हे मला फार आवडते. वर्गात धारित्र शिकविताना हे उदाहरण का घेतले जात नाही, कोण जाणे.

आज हे काम संगणकाचा प्रोग्रॅम करतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळे ०.२७ मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे फक्त १२ नमुने मागे सरकणे. बाउअर यांच्या कल्पनेवर आधारलेला ‘बीएसटूबी’ हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. त्यात सुरुवातीलाच ७०० हर्ट्झ आणि ४.५ डेसिबेल हे आकडे दिलेले असतात. डेसिबेलचा आकडा वाढविला की मिसळण कमी होते. संगणकावरील आणि मोबाइलवरील काही प्लेअरमध्ये क्रॉसफीडचे बटण असते, सगळ्यांत नसते.

उपाय खरा असला तरी त्याची मर्यादा सांगितलीच पाहिजे. क्रॉसफीड लावले म्हणून गाणारा समोर येऊन बसत नाही. हेडफोनवरचा आवाज डोक्याच्या आतच वाटतो. तो बाहेर वाटायला कानाच्या पाळीची वळणे, खोलीतले प्रतिध्वनी आणि मान हलविल्यावर होणारा बदल, हे सारे लागते. क्रॉसफीडने एवढेच होते की दोन कानांना चिकटलेले आवाज थोडे आत सरकतात. शिवाय मधोमध असलेला गायक दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याच्या आवाजात त्याचीच उशिराची प्रत मिसळते आणि खालचे स्वर किंचित फुगतात. चांगला प्रोग्रॅम वरचे स्वर थोडे वाढवून हे सावरतो, वाईट प्रोग्रॅम गाणे घोंगडीखाली ढकलतो. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील जुनी गाणी स्टिरिओ नसतातच, दोन्ही बाजू सारख्या असतात. तिथे क्रॉसफीडचा काही उपयोग नाही. कृत्रिम डोक्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून केलेली ध्वनिमुद्रणे हेडफोनसाठीच असतात, त्यांनाही ते लावू नये. आणि ‘आठ मितींचे संगीत’ म्हणून जे मिळते, त्यात गाणे डावीकडून उजवीकडे गरगर फिरविलेले असते. मिती किती असतात ते तुम्ही भूमितीत शिकलाच आहात.

क्रॉसफीडने कानांचे रक्षण होते असाही समज नको. ते आवाजाच्या जोरावर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात ४० तास ऐकायचे तर सरासरी ८० डेसिबेलपर्यंत, आणि मुलांनी ७५ पर्यंत. आवाज वाढला की तास झपाट्याने कमी करावे लागतात.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ध्वनीच्या धड्यात नादकाटा आणि अनुनाद नळी यांवर आपण थांबतो, आणि विद्यार्थी रोज ज्या साधनाने ध्वनी ऐकतो त्याविषयी बोलत नाही. शाळेच्या संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हा मोफत प्रोग्रॅम घालून घ्या. एखाद्या स्टिरिओ गाण्याच्या डाव्या व उजव्या बाजू वेगळ्या करा आणि आधी सर्वांचाच आवाज निम्मा करा, म्हणजे पुढे बेरीज होताना तो फाटणार नाही. दोन्हींची एकेक प्रत काढा. फक्त प्रतींना ७०० हर्ट्झचा, ६ डेसिबेल उताराचा लो-पास फिल्टर लावा, त्या ६ डेसिबेलने मंद करा, आणि डाव्याची प्रत उजवीकडे, उजव्याची डावीकडे मिसळा. झाले क्रॉसफीड. उशिराचा हिशेब फिल्टरच पाहतो.

आता मूळ गाणे आणि बदललेले गाणे यांचा जोर कानाला सारखा वाटेल असा करून घ्या. ही पायरी चुकवू नका, कारण दोहोंतले मोठे वाजणारे नेहमीच चांगले वाटते. एका विद्यार्थ्याने नाणे उडवून छापा-काट्याप्रमाणे एकेक गाणे लावावे आणि पाठ करून बसलेल्या दुसऱ्याने कोणते ते ओळखावे, असे १० वेळा. नुसत्या अंदाजाने ९ किंवा त्याहून जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का आहे. फरक ओळखता आला तरच, यांपैकी कोणते तासभर ऐकावेसे वाटते, हा प्रश्न विचारा. वर्गात दोन्ही मतांचे विद्यार्थी निघतील. ज्याची निम्मीच उत्तरे बरोबर येतील त्याने खुशाल बटण बंद ठेवावे. त्याचे पैसे काही गेलेले नाहीत.