खांद्याची तपासणी आणि गर्भाचा कायदा

हात वर उचलता न येणाऱ्या रुग्णाचा एक्स-रे पुष्कळदा निर्दोष निघतो. त्यात हाडे दिसतात, फाटलेली कंडरा दिसत नाही. एमआरआयमध्ये ती दिसते. पण ती तपासणी महाग, आणि बहुतेक खेड्यांपासून दूर. ही उणीव सोनोग्राफी बऱ्याच अंशी भरून काढते. तिच्यात किरणोत्सर्ग नाही. सांधा हलत असतानाच पाहता येतो आणि दुखऱ्या बाजूची निरोगी बाजूशी तिथल्या तिथे तुलना करता येते. संधिवाताची सूज, मनगटात दबलेली नस, तान्ह्या बाळाचा सरकलेला खुबा, हे सारे तिच्या आवाक्यात आहे. हाडाच्या आतले मात्र तिला दिसत नाही.

मग अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत हे यंत्र क्वचितच का आढळते? किंमत आणि प्रशिक्षणाचा अभाव ही कारणे आहेतच. पण एक कारण कायद्यातही आहे. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा यंत्र कोणत्या अवयवासाठी घेतले हे पाहत नाही. त्यात गर्भ दिसू शकतो का, एवढेच पाहतो.

इतिहासाचा अभ्यासक आणि माजी प्रशासक या दोन्ही नात्यांनी मी या कठोरपणाचा समर्थक आहे. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४५ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९२७ उरल्या. ही घट यंत्राच्या गैरवापराशिवाय समजत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदींतील ढिलाईला सूट नाकारली, ते योग्यच झाले.

तथापि २०१४ च्या नियमांनी डॉक्टरांसाठी आखलेले सहा महिन्यांचे प्रशिक्षण पोट व ओटीपोटाच्या सोनोग्राफीचे आहे. गुडघा पाहू इच्छिणाऱ्याने गर्भाशय पाहण्यास शिकावे, ही विसंगती कायद्याच्या हेतूलाच छेद देते.

प्रोब बदलला की तेच यंत्र पोटातलेही दाखवते. म्हणून केवळ डॉक्टरांच्या शब्दावर सवलत देणे धोक्याचे आहे. परंतु त्वचेखालचे काही सेंटिमीटरच स्पष्ट दाखवणारा प्रोब आणि दुसरा प्रोब स्वीकारणारच नाही असे उत्पादकानेच कुलूपबंद केलेले यंत्र, असा स्वतंत्र वर्ग नियमांत करता येईल. त्याची नोंदणी, विक्रीचा हिशेब आणि अचानक तपासणी कायम राहावी. प्रशिक्षण मात्र स्नायू आणि सांध्यांचे असावे. कुलूप तोडणाऱ्यास आजचीच शिक्षा लागू व्हावी.

अंगमेहनतीवर पोट असलेल्या मजुराला खांद्याच्या निदानासाठी रोजगार बुडवून शहर गाठावे लागू नये, इतकी तरतूद मुलींच्या संरक्षणाला धक्का न लावता करता येईल.