सेलूच्या उन्हात फ्युएल कंट्रोलर : गाडीचा ताप खरेच उतरतो का?

मे महिन्यात भर दुपारी सेलूहून नागपूरकडे निघालेल्या बुलेटस्वाराच्या केळझर येईपर्यंत दोन तक्रारी सुरू होतात. इंजिन मांडीला भाजते आणि ओव्हरटेक करताना गाडी अडखळते. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला असला तरी दुचाकीला तिथे प्रवेश नाही. म्हणजे ट्रक-बसच्या मागे हळूहळू जाणे आलेच. रात्री मोबाइलवर व्हिडिओ दिसतो : कंपनी गाडीला पेट्रोल कमी पाजते, हा छोटा डब्बा बसवा, गाडी थंड आणि मुलायम. किंमत पाच आकडी, बसवायला तासभर. घरात बियाण्याचा आणि खताचा हिशेब सुरू असताना मुलगा हा डब्बा मागतो, तेव्हा तो नेमके काय करतो हे पाहायला हवे.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता इंजिनात किती पेट्रोल फवारायचे हे ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक ठरवतो. थ्रॉटल किती उघडला, इंजिन किती फिरते, आत येणारी हवा किती गरम आहे, हे सेन्सर त्याला सांगतात. त्यावरून इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा ते तो ठरवतो. बाजारातला फ्युएल कंट्रोलर या दोघांच्या मधे बसतो. ईसीयूने इंजेक्टरला दिलेला हुकूम तो अडवतो, थोडा लांबवतो आणि पुढे पाठवतो. पेट्रोल वाढते, मिश्रण ‘रिच’ होते.

इथपर्यंत व्हिडिओतली माहिती बरोबर आहे. पुढचा भाग बहुतेक व्हिडिओ सांगत नाहीत.

सायलेन्सरच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन उरला आहे का, हे तो ईसीयूला सतत कळवतो. गाडी संथ चालीने किंवा एकसारख्या वेगाने चालत असते तेव्हा ईसीयू या निरोपावर विसंबून पेट्रोल कमी-जास्त करतो. त्यामुळे डब्ब्याने पाच टक्के पेट्रोल वाढवले तर सेन्सर लगेच चुगली करतो आणि ईसीयू तेवढेच पेट्रोल कापतो. एक वाढवणार, दुसरा कापणार. म्हणून या डब्ब्यांच्या उत्पादकांना सेन्सरचेही काहीतरी करावे लागते. कुठे त्याचा संदेश बदलला जातो, कुठे सेन्सर काढून तिथे नकली जोडणी दिली जाते. गाडीने स्वतःला सांभाळण्याची जी सोय कंपनीने दिली, तीच बंद करून हा बदल होतो.

‘कंपनी गाडी लीन ठेवते’ हा आरोप अर्धाच खरा आहे. एकसारख्या चालीत मिश्रण नेमके संतुलित ठेवावे लागते, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच मिश्रणावर नीट काम करतो. त्यापेक्षा जास्त पेट्रोल दिले तर ज्वलन किंचित थंड होते, हेही खरे. पण हवेने थंड होणारे इंजिन बाहेरच्या हवेलाच उष्णता देते. विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला की ती हवाच तापलेली असते, आणि ट्रकमागे रेंगाळताना पुरेशी हवा मिळतही नाही. कोणताही डब्बा त्यावर उपाय करू शकत नाही. मांडीला बसणारा चटका थोडा कमी होईल, पण त्याचा मोबदला ॲव्हरेजमधून वसूल होईल.

अलीकडे डब्बा विकताना इथेनॉलचेही नाव घेतले जाते. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले, आणि जुन्या गाड्यांचे काय हा प्रश्न पंपापंपावर विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला फक्त ९. ई-२० साठी हा आकडा साधारण १३.५ वर येतो. ई-१० साठी जुळवलेल्या गाडीला म्हणूनच ई-२० वर चारेक टक्के पेट्रोल जास्त लागते. मात्र चांगला ऑक्सिजन सेन्सर असलेला ईसीयू एवढी दुरुस्ती एकसारख्या चालीत आपणहून करतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या दुचाकींसाठी ॲव्हरेजमधली घट ३ ते ४ टक्के धरली होती. इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ती भरून काढणारा डब्बा कुणाकडेही नाही.

मग हे यंत्र निरुपयोगी आहे का? तसे नाही. सायलेन्सर मोकळा केला, एअर फिल्टर बदलला, तर इंजिनात कंपनीच्या हिशेबापेक्षा जास्त हवा शिरते. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहत नाही, स्वतःच्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. तिथे गाडी खरोखर लीन होते, व्हॉल्व्ह जळू शकतो, पिस्टनला इजा होऊ शकते. अशा गाडीला कंट्रोलर हवाच. पण गोष्टीचा क्रम पाहा : आधी पैसे देऊन दुखणे आणायचे, मग पैसे देऊन औषध. मूळ सायलेन्सर आणि मूळ फिल्टर असलेल्या, सेलू-वर्धा-नागपूर एवढेच फिरणाऱ्या गाडीला हा खर्च करू नये, हे स्पष्ट सांगायला हवे.

ज्यांना तरीही बसवायचा आहे, त्यांच्यासाठी बसवणे हा सोपा भाग आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, टाकी उचलायची, इंजेक्टरचा कपलर सोडवून मधे डब्ब्याचा कपलर ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवायचा, ग्राउंड थेट बॅटरीला द्यायची. वायर हँडलच्या मानेत चिमटू नये, इंजिनला टेकू नये. वायर कापून जोडायला सांगणारा डब्बा परत पाठवावा. इंजेक्शनच्या पाइपमध्ये दाबाखाली पेट्रोल असते. तो पाइप गरम इंजिनवर सोडवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

अवघड आहे ते ट्यूनिंग. आपल्याकडचे जुने मिस्त्री कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून आवाजावरून मिश्रण जुळवत. ते कसब खरेच होते, पण इथे कान अपुरा पडतो. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण धोकादायक लीन असताना गाडी उलट चपळ वाटू शकते. त्यासाठी वाइडबँड सेन्सर आणि शक्यतो डायनो लागतो, म्हणजे चाके रोलरवर फिरवून मोजणारे यंत्र. महामार्गावर थ्रॉटल पिळून पाहणे म्हणजे चाचणी नव्हे. आणखी एक फसगत : व्हिडिओत ‘पूर्ण थ्रॉटलला १३ ठेवा’ असे सांगतात, पण तो शुद्ध पेट्रोलचा आकडा आहे. ई-२० वर खरोखर १३ ठेवले तर मिश्रण अपेक्षेपेक्षा लीनच राहील. म्हणून लॅम्डा हे माप वाचावे. इंधन कोणतेही असो, लॅम्डा १ म्हणजे संतुलन, आणि पूर्ण थ्रॉटलला ०.८८ ते ०.९० च्या आसपास. दुसऱ्या देशातल्या गाडीचा नकाशा जसाच्या तसा टाकण्यात काही अर्थ नाही. मिश्रण उगाच रिच ठेवले तर प्लग काळा पडतो आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरवरचे ऑइल धुऊन काढते.

कायद्याची बाजू दुकानदार क्वचितच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल अमान्य केले. डब्बा सीटखाली लपतो, फटाके फोडणारा सायलेन्सर मात्र लपत नाही. पीयूसी निघाली म्हणून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. दुचाकीची ती तपासणी उभ्या गाडीवर होते, पूर्ण थ्रॉटलचा धूर तिथे कुणी मोजत नाही. वॉरंटी आणि विम्याचा दावा अडकला तर तोही मालकाच्याच माथी.

पाच आकडी रक्कम मोजण्याआधी शेदोनशे रुपयांची कामे करून पाहावीत. हिंगणी-बोर धरणाच्या वाटेवरची धूळ खाल्लेला एअर फिल्टर, घट्ट झालेले टॅपेट, सुकलेली चेन, जुना प्लग, सैल झालेला सेन्सरचा कपलर. अडखळणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे कारण यातच सापडते. आणि डब्बा बसवलाच, तर काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये. गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा तोच मागतो.