कानाला बसेल तोच चांगला

कन्नडात 'केळु' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात : ऐक आणि विचार. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्या घरांना हे सांगायला नकोच. इअरफोन घ्यायला दुकानात गेल्यावर मात्र ही दोन्ही कामे आपण विसरतो. ऐकतही नाही आणि विचारतही नाही. खोक्यावरचा 'एक्स्ट्रा बास' वाचतो, रंग पसंत करतो, पैसे देतो आणि घरी येतो. म्हणून या वेळी थोडे इअरफोनविषयी.

'आता प्लेअर कोण वापरतो?' असे मुले म्हणतील. ॲपलने २००१ साली आणलेला आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला हे खरे. पण वॉकमन हे नाव लावलेले प्लेअर सोनी अजून काढते, आणि आजोबांना अभंग, दासरपदे भरून दिलेला छोटा प्लेअर अनेक घरांत चालू आहे. मोबाईलवर ऐकणाऱ्यांनाही पुढचे सगळे लागू पडते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. कानाच्या आत जाणाऱ्या इअरफोनचा निम्मा गुण त्याच्या टोकावरच्या रबरात असतो. हे रबर कानाच्या नळीत नीट बसून फट बुजली, तर खालचे सूर भरदार येतात आणि बाहेरचा गोंगाट अडतो. फट राहिली, तर महागातला इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. मग आपण 'याला बासच नाही' म्हणतो आणि आवाज वाढवतो. दोष इअरफोनचा नसतो, मापाचा असतो.

चांगल्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापांची रबरे येतात. बहुतेक लोक मधले आधीच लावलेले असते म्हणून तेच वापरतात. तिन्ही लावून बघा. अनेकांच्या दोन कानांची मापेही सारखी नसतात. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला लहान बसले, तर तसेच वापरा. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान जरा वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. मग इअरफोन हलकेच फिरवत आत सरकवा. सिलिकॉनचे रबर टोचत असेल तर फोमचे मिळते. ते बोटांनी दाबून घालायचे, आत गेले की फुगून बसते. मात्र ते काही महिन्यांत झिजते, हे धरून चाला.

पारख कशी करावी? अनोळखी गाण्यावर तर अजिबात नको. आपल्याला पाठ असलेले ध्वनिमुद्रण बरोबर न्या. गदगचे पंडित भीमसेन जोशी यांनी मराठी अभंगही गायले आणि कन्नड दासवाणीही. दोन्हींतले जे घरात रोज लागते, ते लावा आणि तीन गोष्टी ऐका. पहिली, तबल्याचा डग्गा किंवा पखवाजाची डावी बाजू गोल आणि भरीव वाजते का. दुसरी, टाळांची किणकिण स्वच्छ येते का, आणि ती कानाला टोचत तर नाही ना. तिसरी, गाणाऱ्याचा आवाज डोक्याच्या मधोमध येतो का. तो एका बाजूला झुकला, तर एका कानातले रबर बसलेले नाही. तानपुरा ओळखीचा असेल तर आणखी सोपे. त्याची जवारी गुंजत राहिली पाहिजे, नुसती भुणभुण नको. मात्र गाणेच ६४ केबीपीएसला दाबून भरलेले असेल, तर कोणताही इअरफोन त्यात जीव ओतू शकत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांनी दबून जाऊ नका. '५ हर्ट्झ ते ४०,००० हर्ट्झ' असे लिहिलेले असते. माणसाचा तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झच ऐकतो, आणि वयाबरोबर वरची मर्यादा खाली येते. उपयोगाचे आकडे दोन. इम्पिडन्स १६ ते ३२ ओहम असला, तर छोट्या प्लेअरची बॅटरी त्याला सहज पेलते. सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबलच्या आसपास किंवा वर असली, तर आवाज कमी ठेवूनही स्पष्ट ऐकू येते.

वायरचा की ब्लूटूथचा, हे तुमचा प्लेअर ठरवेल. जुन्या प्लेअरना ३.५ मिलिमीटरची पिन लागते, आणि त्यांतल्या अनेकांत ब्लूटूथ नसतेच. बिनवायरचा सोयीचा खरा, पण त्याच्या इवल्याशा बॅटऱ्या काही वर्षांत दमतात आणि सहसा बदलता येत नाहीत. वायरचा इअरफोन बहुधा पिनेपाशी तुटतो. म्हणून पिन काटकोनात वळलेली किंवा वायर सुटी करून बदलता येणारी असेल, तर तो जास्त टिकतो. वायरचा बरा इअरफोन हजार-दोन हजारांत मिळतो. दुकानदाराला विचारा : जादा रबरे मिळतील का, वॉरंटी किती, आणि पक्की पावती देणार का?

आता रबराच्या मापाची एवढी चर्चा का, तेही सांगते. बेळगावहून कोल्हापूरला एसटीने जाताना मुलगा सैल इअरफोन लावून बसतो. इंजिनाच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवत नेतो आणि उतरेपर्यंत तसाच ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास आणि ८९ ला केवळ ५ तास, तेही आख्ख्या आठवड्याचे! नीट बसलेले रबर गोंगाट बाहेरच ठेवते, म्हणून आवाज वाढवावा लागत नाही. आतल्या कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषधही नाही.

तेव्हा घरात एक साधा नियम करा. प्लेअरचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नको, आणि तासाभराने कानांना विश्रांती. रबरे आठवड्यातून एकदा काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. फोमची असतील तर नुसती पुसा. एकमेकांचे इअरफोन वापरू नका. कान दुखत असेल, वाहत असेल किंवा गाणे थांबल्यावर आत शिट्टी वाजत राहत असेल, तर इअरफोन बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरांकडे जा. रस्त्यावर, दुचाकीवर आणि रेल्वेचे गेट ओलांडताना दोन्ही कान मोकळे हवेत. तिथे हॉर्न ऐकू येणे गाण्यापेक्षा महत्त्वाचे.

मुलाला वाढदिवसाला इअरफोन देणार असाल, तर खोके नुसते हातात ठेवू नका. शेजारी बसून तिन्ही रबरे लावून बघा, आणि आवाजाची मर्यादा प्लेअरच्या सेटिंगमध्ये त्याच्यादेखत बांधून द्या. दहा मिनिटांचे काम आहे. कान जन्मभर वापरायचे आहेत.