रस्त्यावरचा वेग आणि रिंगणातला वेग

आमच्या मंठाळ परिसरातील जुन्या मराठी घरांत मोटारसायकलविषयी दोन मते एकाच वेळी सुखाने नांदतात. पहिले मत असे की, मुलगा बारावी झाला म्हणजे त्याला गाडी घेऊन दिलीच पाहिजे. घराण्याला ते शोभते. दुसरे मत असे की, हल्लीची पोरे बेफाम झाली आहेत, त्यांना आवरणारे कोणी उरले नाही. गाडी देणारे आपण आणि कपाळाला हात लावणारेही आपणच. या दोन मतांच्या मधे 'शिकवणे' नावाची एक पायरी असते, तिची आठवण मात्र कोणालाच होत नाही.

हे लिहिण्यास कारण घडले ते असे. आपल्यातल्याच एका घरचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. त्याने मध्यंतरी सुटीच्या दिवशी आपली दीडशे सीसीची मोटारसायकल कोल्हापूरजवळच्या बंदिस्त मार्गावर नेली, रीतसर शुल्क भरले, दिवसभर ती चालवली आणि सुखरूप परतला. ही वार्ता येथील बैठकीत आली तेव्हा तिचे स्वागत तीन शेऱ्यांनी झाले. पैसे देऊन गोल गोल फिरायचे, हा कसला शहाणपणा? बापाच्या पैशाचा असा धूर करायचा असतो काय? आणि आज हे, उद्या शर्यतीचे व्यसन लागणार! वडिलधाऱ्या मंडळींचा मान राखून आम्ही म्हणतो की, हे तिन्ही शेरे चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत आपल्याच मुलांना मोजावी लागते.

प्रथम वस्तुस्थिती. ज्याला 'ट्रॅक डे' म्हणतात ती शर्यत नव्हे. तेथे क्रमांक नाही, बक्षीस नाही, प्रेक्षकांच्या टाळ्या नाहीत. सकाळी सर्वांना बसवून नियम सांगतात. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे, लाल दिसले की थांबायचे. हेल्मेट, चामड्याचा पोशाख, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट यांवाचून कोणालाही आत सोडत नाहीत. गाडीच्या काचेच्या दिव्यांवर चिकटपट्टी लावतात, आरसे काढून ठेवतात. नवख्यांचा गट वेगळा असतो आणि पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीनंतर विश्रांती असते. वाहतूक एकाच दिशेची. समोरून ट्रक येत नाही, आडवी म्हैस येत नाही, वळणावर वाळू सांडलेली नसते, कडेला विजेचा खांब नसतो, आणि रुग्णवाहिका दाराशी उभी असते. आता या प्रत्येक गोष्टीची तुलना वाचकांनी हुमनाबादच्या बाजूने जाणाऱ्या आपल्या महामार्गाशी, किंवा ऊसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांनी भरलेल्या बसवकल्याणच्या रस्त्याशी करून पाहावी.

दुसरी गोष्ट लहान गाडीची. त्या मुलाने सांगितले की, सरळ पट्ट्यावर त्याची गाडी पुढे जाई, परंतु शंभर सीसीच्या साध्या गाडीवरचा एक प्रौढ गृहस्थ प्रत्येक वळणावर त्याला सहज मागे टाकी. दिवसभरात त्याला उमगले ते हेच की, सरळ रस्त्यावरचा वेग इंजिनाचा असतो; वळणावरचा वेग माणसाचा असतो. लहान गाडी फार धावत नाही, म्हणून ती शिकवते. चुकीला ती लगेच मोठी शिक्षा देत नाही, आणि तिची ताकद थोडी असल्याने वळणाआधी ब्रेक कोठे लावावा, नजर कोठे ठेवावी, मूठ किती पिळावी, याचा विचार चालवणाऱ्यालाच करावा लागतो. मोठ्या गाडीवर बसलेल्या नवख्याचे सारे लक्ष त्या गाडीच्या भीतीत जाते. चार आणे शिकणे आणि बारा आणे सावरणे!

आपल्या भागात एक समजूत वेदवाक्याप्रमाणे चालते. पुढचा ब्रेक दाबला की माणूस डोक्यावरून पलीकडे पडतो, म्हणून पायाचाच ब्रेक वापरावा. वास्तविक गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम न आवळता चढत्या जोराने दाबायचा असतो, हे हाताला शिकवावे लागते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबण्याचे अंतर चौपट होते. चाळीसच्या वेगाने जे अंतर लागते, त्याच्या चौपट ऐंशीला. आपली मुले हे गणित शाळेत सोडवतात, गाडीवर बसून सोडवत नाहीत. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना चाक न अडकू देणारी ब्रेकयंत्रणा आणि त्याखालच्यांना जोडब्रेक सक्तीचे झाले. यंत्राला शहाणपण आले ते कायद्याने. हाताला शहाणपण यावे म्हणून काय केले? पाय न टेकता आठचा आकडा काढला की परवाना हाती पडतो. साठच्या वेगात समोर कुत्रे आले तर काय करावे, हे त्या परीक्षेत कोणी विचारत नाही.

परिणाम सरकारी अहवालातच आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती, आणि एकूण मृत्यूंपैकी शंभरातील सत्तरांहून अधिक अतिवेगाच्या नावावर नोंदले गेले. महसूल खात्यात असताना असे पंचनामे आमच्या टेबलावरून पुष्कळ गेले. 'वय १९', 'वय २२' असे त्यांत लिहिलेले असे, आणि खाली सही करायला बाप आलेला असे.

आता शहाणपणाचा प्रश्न. 'गोल गोल फिरण्याला' हसणाऱ्यांनी आपल्याच आजोबांची आठवण करावी. निजामी अमदानीत आपल्यापैकी अनेकांच्या दारी घोडी होती. माळेगावच्या यात्रेतून आणलेले शिंगरू कोणी त्याच दिवशी बाजारात पळवीत नसे. चाबूकस्वार ते आधी रिंगणात फिरवी. दोर लावून, उजवीकडून, डावीकडून, दिवसच्या दिवस, गोल गोल! त्याला आपण शहाणपण म्हणत होतो. गल्लीत दोन पोरे एकमेकांना आपटू लागली तर ती मारामारी. तीच तालमीत वस्तादासमोर लाल मातीत उतरली तर ती कुस्ती. शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या पोरांच्या अंगातील रग पाहून त्यांना दटावले नाही; १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. त्याच कोल्हापुरात आज मोहिते रेसिंग अकॅडमीचा मार्ग आहे. मुळात तो लहान कार्ट गाड्यांसाठी बांधलेला, म्हणूनच लहान मोटारसायकलींना तो सोयीचा पडतो. या गोष्टींत आम्हांला एकच परंपरा दिसते.

आणि बैलगाडा? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना केवढा आक्रोश झाला! डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडू यांचे कायदे उचलून धरले, तेव्हा गुलाल उधळला गेला. त्या अटी कोणत्या? ठरलेले मैदान, पूर्वपरवानगी, वैद्यकीय तपासणी, छळास मनाई. म्हणजे बैलाला पळवायचे तर मैदान हवे, डॉक्टर हवा, हे आपल्याला मान्य आहे. पोटच्या पोराने तेच मागितले की तो बापाच्या पैशाचा धूर होतो. वाढदिवसाच्या फलकांवर आणि वरातीतील फटाक्यांवर होणारा खर्च मात्र धूर नव्हे!

व्यसनाचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याला टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. ती शर्यत होती, शिकवणीचा दिवस नव्हता, असे म्हणून आम्ही हात झटकणार नाही. बंदिस्त मार्गही माणूस मारू शकतो. नॉर्वेत मोटारचालकांना निसरड्या पृष्ठभागाचा सराव सक्तीचा केला, तेव्हा तरुण पुरुषांचे घसरणीचे अपघात कमी न होता वाढल्याचे १९८०च्या दशकात आढळले, कारण त्यांना फाजील आत्मविश्वास आला. म्हणून आमचे म्हणणे अटींसह आहे. परवाना नसलेल्याने आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याने तेथे पाऊल ठेवू नये. गाडी लहानच असावी. शिकवणारा वस्ताद असावा, आणि त्याने पहिल्या दिवशी वेग न शिकवता थांबणे शिकवावे. या अटी पाळल्या तरी धोका शून्य होत नाही. परंतु आपल्यापुढे निवड 'धोका की निर्धोकपणा' अशी नाहीच. मुले वेगाने जाणारच आहेत. ती आजही महामार्गावर रात्री जातातच. निवड आहे ती डॉक्टर असलेल्या जागेची आणि नसलेल्या जागेची.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८९ सार्वजनिक जागी राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावण्यास गुन्हा ठरवते. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. त्याच दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला वा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड सांगितला आहे. सोळा वर्षांच्या नातवाला किल्ली देणाऱ्या आजोबांनी हे कलम एकदा वाचावे.

मग करावे काय? बंदिस्त मार्ग म्हणजे कोट्यवधींची चैन, हा गैरसमज आहे. मद्रासच्या हौशी मंडळींनी शोळावरम येथील महायुद्धकालीन जुन्या धावपट्टीवर कित्येक दशके शर्यती भरवल्या. इरुंगाट्टुकोट्टईचा स्वतंत्र मार्ग १९९० साली झाला. सुरुवात साधीच असते. बीदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांनी मिळून किलोमीटरभर लांबीचा, कुंपण घातलेला, सरावापुरता मार्ग केला आणि परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला त्यावर एक दिवस काढणे भाग पाडले, तर ते फार मोठे मागणे नव्हे. तोपर्यंत आपल्या घरांपुरते आपण ठरवू शकतो. गाडीच्या आधी हेल्मेट आणि हातमोजे घ्यायचे, परवान्याआधी किल्ली द्यायची नाही, आणि जो मुलगा स्वतःच्या कमाईने कोल्हापूरला शिकायला जातो त्याला हसायचे नाही.

साहित्य मंडळाच्या पत्रिकेत गाड्यांचा विषय कशाला, असे काही सभासद विचारतील. या पत्रिकेच्या शेवटच्या पानावर आपण श्रद्धांजली छापतो. पूर्वी तेथे ऐंशीच्या घरातील नावे असत, अलीकडे विशीतली येऊ लागली आहेत. ती छापणे हे मंडळाचे काम असेल, तर ती कमी व्हावीत असे म्हणणेही मंडळाचेच काम आहे. येत्या वार्षिक सभेत सराव-मार्गाच्या मागणीचा ठराव आम्ही मांडणार आहोत. ज्यांना तो हास्यास्पद वाटतो, त्यांनी सभेस अवश्य यावे आणि उभे राहून विरोध करावा. मात्र येताना आपल्या घरातील किती मुले गाडी चालवतात आणि त्यांपैकी कितींना पुढचा ब्रेक दाबता येतो, एवढे विचारून यावे.